कुंकू लावलेली केरसुणी

आमच्या घरात भीती हा माझा प्रांत. लहानपणी घरामागच्या उसात जरा खसफसलं की मी आईच्या पाठीला जाऊन चिकटायचे. कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. एकदा तर विहिरीत डोकवायला पोटावर सरपटत गेले होते, आणि ते माझे वडील अजून पाहुण्यांना करून दाखवतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," अण्णा म्हणायचे आणि माझ्या पाठीमागे बोट दाखवायचे. मी दरवेळी दचकून वळायचे. मग सगळं घर हसायचं, आणि मला इतका राग यायचा की त्या रागात थोडा वेळ भीती वाटायची थांबायची.

मोठी झाल्यावर याच भीतीवर माझं पोट चालायला लागलं. मी इंजिनिअर झाले आणि पुण्यात नियोजनाचं काम करणाऱ्या एका छोट्या गटात लागले. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हायड्रोजनची व्यवस्था कशी उभी करता येईल, ते आम्हाला कागदावर मांडायचं होतं. पाण्यात वीज सोडली की पाणी फुटतं आणि हायड्रोजन सुटतो. वीज उन्हाची असेल तर धूर नाही की राख नाही. तो वायू साठवायचा, त्यावर दूध थंड ठेवणारे चिलर चालवायचे, टोमॅटो-कांद्याच्या गाड्या चालवायच्या. ऊन कुठे भरपूर, पाणी कुठलं घ्यायचं, साठा वस्तीपासून किती लांब, नाशिक रोडवर गाड्यांनी वायू कुठे भरून घ्यायचा, असे नकाशावर नकाशे. गटातले बाकीचे लोक काय काय होईल ते लिहायचे. मी काय काय बिघडेल ते लिहायचे. तो रकाना माझ्याकडेच का आला, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या रकान्यात मी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: या वायूला वास नाही. रंग नाही. आणि तो पेटला तर भर उन्हात त्याचा जाळ दिसत नाही, लांबून धगही लागत नाही. ज्वाळा आहे, समोर आहे, आणि आपण तिच्यात चालत जाऊ शकतो, कारण तिथे आपल्याला पलीकडची भिंत दिसते आहे. इतक्या वर्षांत मी कशाकशाला भ्याले, पण अशी गोष्ट माझ्या भित्र्या डोक्यालाही कधी सुचली नव्हती.

पहिली छोटी यंत्रणा बोरीच्या अलीकडे एका दूध संकलन केंद्रामागच्या पडीक जागेवर उभी राहिली. पाणी फोडायचं मशीन, सोलरची पॅनलं, आणि आडोशाच्या भिंतीआड ओळीनं उभे केलेले सिलिंडर. ती चालवायला माणूस हवा होता. केंद्राच्या बैठकीत एकानं लगेच सांगितलं, "गॅसचा मानूस आपल्याकडं एकच हाय. अण्णा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टेबलाच्या टोकाला नकाशा धरून बसले होते.

अण्णांनी उभा जन्म कोल्ड स्टोरेजमध्ये काढला होता. पेठच्या पठारावरचे बटाटे तिथे थंड राहायचे ते अमोनियावर. अमोनिया भांडखोर, पण प्रामाणिक. जरा कुठे निसटला की नाकाडोळ्यांतून पाणी काढतो आणि मी आलो म्हणून सांगतो. अण्णांचा सगळा शहाणपणा एका वाक्यात मावायचा: वास आला की ओलं फडकं तोंडाला आणि वारा येतो त्या बाजूला पळा. कॉम्प्रेसरच्या धडधडीनं त्यांचे कान जवळजवळ नेले होते, पण नाक असं तिखट की आईनं भाजीला फोडणी कशाची दिली ते फाटकातून सांगायचे. त्यांचं सगळं कसब नाकात होतं, आणि हा वायू नाकाला कळणार नव्हता. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. पण निवृत्त होऊन टीव्हीशी भांडत बसणारा माझा बाप त्या क्षणी नवरदेवासारखा उजळला होता आणि माझ्याकडे बघत होता. मी काही बोलले नाही. त्या गप्प बसण्याचं मी नंतर स्वतःला काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही.

मग राजुरीला, म्हणजे आमच्याच गावात, लोकांना समजावून सांगायची सभा झाली. मी उभी राहिले आणि पुढचं टेबल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"आमच्या पिकाचं पानी तुमी जाळनार का?" पहिलाच प्रश्न आला.

दुधाचे कॅन धुतलेलं पाणी गाळून, शुद्ध करून वापरणार, विहिरीला आणि कालव्याला हात लावणार नाही, असं मी सांगितलं. ते लोकांना पटलं. मग मागे बसलेल्या एक बाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "वास न्हाई, रंग न्हाई, उनात जाळ बी दिसत न्हाई म्हंती तू. मंग त्यो हाय का न्हाई ह्ये कळायचं कसं, बाय?"

माझाच रकाना त्या बाईंच्या तोंडून येत होता. गळती झाली की भोंगा वाजवणारं यंत्र बसवलं आहे, मी म्हणाले. घरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तसा इथे घातला तर पुढची यंत्रणा बिघडते, हेही सांगितलं. बाईंचं समाधान झालेलं दिसलं नाही. तेवढ्यात अण्णा पहिल्या रांगेतून उठले.

"उसातला बिबट्या तरी कुटं दिसतो? म्हनून आपन ऊस लावायचा ऱ्हातो का, राव?"

सभा हसली आणि संपली. मी हसले नाही. कारण उसात शिरताना आमच्याकडे कोणी गप्प आणि रिकाम्या हातानं शिरत नाही. हातात काठी असते, तोंडानं आरडाओरडा असतो. अण्णा रिकाम्या हातानं शिरणार होते.

त्या सभेनंतर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. जोरानं निसटला की हा वायू ठिणगीवाचूनही पेटू शकतो. गळती झाली हे भोंगा सांगेल, पण ती पेटली आहे का, हे कोण सांगणार? जाळ ओळखणारा कॅमेरा मागवला होता, तो यायला अवकाश होता. वाचता वाचता परदेशातल्या जुन्या कामगारांची एक रीत सापडली. ते लोक लांब दांड्याचा वाळका झाडू पुढे धरून चालायचे. झाडू भुर्रकन पेटला की समजायचं, इथे जाळ आहे, मागे फिरा. मला ते इतकं आवडलं की मी खुर्चीतच हसले. न दिसणाऱ्या गोष्टीवर उपाय म्हणून केरसुणी! मी नियमांत लिहून टाकलं: रोजच्या फेरीच्या वेळी आणि भोंगा वाजल्यावर वाळकी केरसुणी हातभर पुढे धरून चालावे. केरसुणी पेटल्यास तात्काळ मागे फिरावे.

अण्णांना ते आधी मुळीच आवडलं नाही. "जल्मभर कॉम्प्रेसर चालीवला, आन आता म्हातारपनी हातात केरसुनी देती व्हय?"

आमच्या घराण्यात मागे मेंढरं होती. आजोबांनी ती शेवटपर्यंत राखली. "आजोबा गवतातून जाताना काठी पुढं आपटत जायचे ना?" मी म्हणाले. "तसंच."

"म्हंजी साप हाय का बगायचं."

"हो. न दिसणारा."

मग त्यांनीच जुन्नरच्या बाजारातून शिंदीच्या पानांची चांगली दाट केरसुणी आणली, ती लांब बांबूला तारेनं आवळली आणि फाटकाजवळच्या खिळ्याला अडकवली. रोज सकाळी ती भाल्यासारखी पुढे धरून ते सिलिंडरच्या ओळीभोवती फेरी मारायचे. दूध घालायला येणारे चेष्टा करायचे, "अण्णा, काय झाडून काढताय?" "हवा," अण्णा म्हणायचे. हे मला आई फोनवर सांगायची आणि हसायची. मला वाटायचं, चला, एक गोष्ट तरी मी आयुष्यात नीट केली.

दिवाळीला मी घरी आले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी केंद्रात वह्यांची आणि वजनकाट्याची पूजा होती. आई घरून ताट घेऊन आली होती. सगळं झाल्यावर ती मागच्या बाजूला गेली, फाटकाजवळची केरसुणी तिनं खिळ्यावरून उतरवली, पाटावर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं, वरच्या तारेत झेंडूचं फूल खोवलं आणि डोळे मिटून हात जोडले. आमच्याकडे त्या दिवशी केरसुणीच लक्ष्मी असते, त्यामुळे त्यात कोणाला काही नवल वाटलं नाही. पाइपांचे जोड बसवणारे जुन्नरचे वेल्डरचाचा फराळाला थांबले होते. ते बाजूला उभे राहून छातीवर हात ठेवून बघत होते. मीही नमस्कार केला. वर फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला: आपली सुरक्षा व्यवस्था गावानं आपलीशी केली. खाली अंगठ्यांवर अंगठे आले.

उसाच्या पानाला भिणारी मी, मला त्या कुंकवाची भीती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आईनं अण्णांना ओवाळलं, आणि कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून ते कामावर गेले. सणाचा दिवस असला तरी ऊन कुठे सुट्टी घेतं, असं त्यांचं म्हणणं. दहाच्या सुमाराला मी फराळाचा डबा घेऊन मागोमाग गेले. सकाळचं दूध घालून लोक घरी परतले होते. चिलर घरघरत होते. ऊन असं होतं की पॅनलांकडे बघवत नव्हतं. अण्णा फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. मी डबा उघडला आणि त्यांनी चकली उचलली.

तेवढ्यात भोंगा वाजला.

बारीक, चिरका आवाज. अण्णांना तो उशिरा ऐकू आला, माझ्या तोंडाकडे बघून कळला असावा. पण त्यांचे हात शहाणे होते. चकली ठेवली, उठले, भिंतीवरचं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. नियमाप्रमाणे ते थांबून राहिले. भोंगा वाजतच होता, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला कुठेतरी गळत होतं आणि आतला हाताचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. त्यांनी केरसुणी खिळ्यावरून काढली.

आणि तिच्याकडे बघितलं.

कुंकू माझ्या जागेवरूनही दिसत होतं. झेंडूचं फूल अजून कोमेजलं नव्हतं. अण्णांनी केरसुणीला हात लावला, तो हात छातीला लावला आणि ती पुन्हा खिळ्याला अडकवली. मग नाक वर करून हवा हुंगली. दोनदा. वास नव्हता. वास नव्हता म्हणजे काही नव्हतं, असं त्यांचं उभं आयुष्य त्यांना सांगत होतं. उजव्या हाताचा पंजा पुढे धरून ते आत चालू लागले.

मला सगळं एका क्षणात कळलं. केरसुणीनं झाडायला आमच्याकडे कोणाची हरकत नसते. पूजा झाली की तिनंच घर झाडतात. पण केरसुणी जाळत नाहीत. झिजून बुडखा राहिलेली केरसुणीसुद्धा मी कधी आमच्या चुलीत गेलेली पाहिली नव्हती. आई ती लांब बांधावर नेऊन ठेवायची. आणि मी ऐटीत लिहून दिलं होतं, पेटली तर मागे फिरा. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, बायकोनं हात जोडलेली लक्ष्मी आगीत धरा, असं मी माझ्या बापाला लिहून दिलं होतं. ते त्यांच्यानं होणार नव्हतं. आईच्यानं झालं नसतं. आदल्या दिवशी कोणी मला विचारलं असतं तर माझ्यानंही झालं नसतं.

मी ओरडले. चिलरच्या घरघरीत त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते हळू चालत होते, गुडघ्यांमुळे. समोर सिलिंडर, मागे भिंत, भिंतीवर सावल्या. कुठेही काही नव्हतं. मी आयुष्यात इतकं रिकामं काही पाहिलेलं नाही.

पाय कधी हलले ते मला आठवत नाही. बांबू हातात आल्याचं आठवतं, हाताला कुंकू लागल्याचं आठवतं. मी धावत त्यांच्या खांद्याच्या बाजूनं केरसुणी पुढे खुपसली, आणि त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, ती पेटली. भप्पकन. फूल, पानं, सगळं एकदम. पिवळा जाळ हवेत लटकल्यासारखा उभा राहिला आणि तेव्हा कुठे मला न दिसणाऱ्या जाळाची जागा कळली. अण्णांचा हात तिच्या कडेला होता.

मी बांबू टाकला, त्यांचा सदरा मागून धरला आणि ओढलं. आम्ही दोघं पडलो, उठलो, फाटकाबाहेर भिंतीच्या आडोशाला येऊन बसलो. मी फोन लावले. केंद्राला, आमच्या गटाला, चाचांना. कोणी आत जायचं नाही, सिलिंडर आपोआप रिकामा होऊ द्यायचा, एवढंच सगळ्यांनी सांगितलं. म्हणून आम्ही बसून राहिलो. आत जाळ चालू होता, आणि आम्हाला दिसत होतं ते लख्ख ऊन आणि भिंतीवर बसलेला एक कावळा. तो उडावा म्हणून मी मनात विनवण्या करत होते.

अण्णांच्या उजव्या हाताच्या बोटांवरची लव करपली होती. कातडी लाल झाली होती, एवढंच. त्यांनी तो हात हळूच नाकाशी नेला.

"आला वास," ते म्हणाले.

मग ते थरथरायला लागले. माझा बाप थरथरताना मी कधी पाहिला नव्हता. आणि मला धीर देता यायला हवा होता, तर मी त्यांच्यावर कडाडले. "लिहून दिलं होतं ना तुम्हाला! वाचून दाखवलं होतं ना!"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "लक्षुमी कशी जाळू गं? काल तुज्या आईनं हात जोडलं तिला."

मी त्यांचा करपलेला हात माझ्या हातात धरून बसले आणि रडले. भोंगा थांबल्यावरही रडत होते.

घरी आईला सांगणं भाग होतं. मला वाटलं ती लक्ष्मी जळाली म्हणून हाय खाईल. ती खाली बसली. मग म्हणाली, "मी कशापायी पुजली ती म्हाईत हाय का? ह्यास्नी राख म्हनून. तू सभेत सांगितल्यापासनं माज्या पोटात गोळा हाय. ह्ये घरी येस्तवर मी जेवत न्हाई."

अण्णांनी चमकून तिच्याकडे बघितलं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. फोनवर केरसुणीचे विनोद सांगून हसणारी आई रोज दुपारपर्यंत उपाशी राहत होती. इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरात भीतीचा प्रांत माझा एकटीचा आहे. आईनं भीतीपोटी कुंकू लावलं होतं, आणि त्याच कुंकवापायी तिचा नवरा जाता जाता राहिला होता. हे तिच्याही ध्यानात आलं असणार, कारण ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं मला थांबवलं आणि कोपऱ्यात ठेवलेला काळा पडलेला बांबू हातात घेतला.

"ती जळाली न्हाई," ती म्हणाली. "तिनं आंगावर घेतलं."

दुसऱ्या दिवशी भाऊबीज असूनही चाचा सकाळीच आले. एक एक जोड तपासत गेले. त्यांनी स्वतः बसवलेले सगळे घट्ट होते. सिलिंडरबरोबर खोक्यातून तयार जोडून आलेल्या एका ठिकाणचा नट ऊन-थंडीनं सैल पडला होता. तरी त्यांचं तोंड उतरलं होतं. "तोही मी हात लावून बघायला पाहिजे होता," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. चहा पिताना मी त्यांना केरसुणीचं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"बेटी, ज्याला तुम्ही हात जोडता ते आगीत कसं धराल? जे दरसाल स्वतःच जाळता ते धरा ना. पाचट."

उसाचं वाळकं पाचट. बांधाबांधावर पडलेलं. तोडणी झाली की सगळा तालुका ते पेटवून देतो आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. इंजिनिअर होऊन, परदेशी पुस्तकं वाचून, आयुष्यभर उसाला भिऊन मला जे दिसलं नव्हतं, ते चाचांनी अर्ध्या बशी चहात सांगून टाकलं. अण्णांनी त्याच दिवशी बांबूला पाचटाची पेंढी बांधली. आईनं तिला हळदकुंकू लावलं नाही. फक्त लांबून एकदा बघून घेतलं.

सुट्टी संपल्यावर ऑफिसात मी सगळं लिहून दिलं. तो कुंकवाचा फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर घातला, खाली माझंच कौतुकाचं वाक्य तसंच ठेवून. हाताचा व्हॉल्व्ह भिंतीबाहेर आणला, लांब दांड्यानं फिरवता येईल असा. भोंगा वाजला की आत कोणी जायचंच नाही असा नियम केला. पेठला नाशिक रोडवर गाड्यांसाठी जागा ठरत होती, तिथेही तेच. हे सगळं सहज मान्य झालं. मग मी चालकाच्या अर्जात आणखी एक ओळ घातली: रोज आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर कोणाला फोन करणार? नाव, नंबर, नातं.

"यात तांत्रिक काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "पण प्रत्येक फाटकातून आत जाणाऱ्या माणसामागे घरी कोणीतरी भिऊन बसलेलं असतं. ते त्याला आठवलं पाहिजे."

ओळ राहिली.

मी अण्णांना काम सोडा म्हणून विनवलं, भांडले, अबोला धरला. ते ऐकले नाहीत. "मी सोडलं तर दुसरं कुनी जाईल. त्याला तर अजून हाताचा वास बी आलेला नसंल." त्यात काही खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला.

महिन्याभरानं भरलेले अर्ज आमच्याकडे आले. पेठच्या जागेसाठी निवडलेल्या माणसानं बायकोचं नाव लिहिलं होतं. अण्णांनी आईचं लिहिलं असेल असं मी धरून चालले होते. त्यांच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात तिथे माझं नाव होतं, माझा नंबर होता, आणि नातं या रकान्यात, जिथे मुलगी लिहायचं, तिथे त्यांनी लिहिलं होतं: भित्री.

आता रोज सकाळी मी पुण्यात फोन समोर ठेवून बसते. चहा समोर निवत असतो. आत जाताना ते एवढंच म्हणतात, "चाललो." मग मी थांबते. त्या वेळात मला कुठलाही आवाज सहन होत नाही, कुकरचा तर नाहीच. फेरी झाली की फोन पुन्हा वाजतो. "पाचट न्हाई पेटलं," अण्णा म्हणतात, आणि लगेच आईला सांगायचं म्हणून घाईनं ठेवून देतात. मग मी चहा गरम करून घेते.